‘माझी लायकी नाही’ ही नम्रता की नकार? पाचारणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली सोळा वर्षं मी वसईत आमच्या धर्मग्रामात (म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीत) रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेते आणि गुरुवारी रात्री मोठ्यांसाठी बायबल वाचन असतं. तिथे आणि व्हॉट्सॲपवर जे प्रश्न येतात त्यात एक विषय पुन्हा पुन्हा येतो, देव बोलावतो तेव्हा मी कोण असं म्हणून मागे राहणं बरोबर की चूक. वसईतून, उत्तनवरून, कोर्लईवरून, खाली मालवण-सावंतवाडीवरून, सगळीकडून तेच. म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवतेय. मी धर्मगुरू नाही, जिथे शंका होती तिथे फादरना विचारून घेतलंय. प्रश्न लोकांच्याच शब्दात ठेवलेत, नावं काढली आहेत.

१. पाचारण म्हणजे नेमकं काय हो? ते फादर-सिस्टर होणाऱ्यांनाच असतं ना?

नाही. ईस्टरच्या चौथ्या रविवारी आपण पाचारणासाठी प्रार्थना करतो (ही प्रथा १९६४ पासूनची) आणि त्या दिवशी नोटीस बोर्डवर सेमिनरीचे (जिथे फादर व्हायचं शिक्षण मिळतं) आणि कॉन्व्हेंटचेच फोटो लागतात, म्हणून तसं वाटत असेल. पाचारण म्हणजे देव एखाद्याला नाव घेऊन बोलावतो आणि त्याच्याकडे काहीतरी सोपवतो, एखादं काम किंवा एखादं माणूस. बाप्तिस्मा झालेल्या प्रत्येकाला ते आहे. अब्राहाम पंचाहत्तर वर्षांचा होता, शमुवेल पोरगा होता, आमोस गुरंढोरं आणि उंबराची झाडं सांभाळायचा, मत्तय जकात नाक्यावर बसला होता आणि पेत्र रात्रभर काही मिळालं नाही म्हणून किनाऱ्यावर जाळी धूत होता. यातला एकही देवळात बसून वाट बघत नव्हता, शमुवेल सोडून, आणि त्यालाही कळलं नाही कोण हाक मारतंय ते.

बहुतेक वेळा आकाशातून आवाज येत नाही. फादर मिस्सानंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) थांबवतात, शेजारीण येऊन रडते, गरिबांना मदत करणारे व्हिन्सेंट डी पॉलवाले विचारतात हिशेब बघशील का. हाक अशीच येते.

२. नम्र असणं म्हणजे स्वतःला कमी समजणं, असंच आम्हाला लहानपणापासून शिकवलंय. चूक आहे का ते?

अर्धवट आहे. आविलाच्या संत तेरेजाने सोळाव्या शतकात म्हटलंय की नम्रता म्हणजे सत्यात चालणं. जे आहे ते आहे म्हणायचं आणि जे नाही ते नाही म्हणायचं. माझे वडील तांडेल, म्हणजे बोटीचे मुख्य होते. खाडीच्या तोंडाशी खडक कुठे आहेत ते त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. अशा माणसाने नवीन खलाशासमोर "मला काय कळतंय" असं म्हणून सुकाणू सोडलं तर त्याला कोणी नम्र म्हणणार नाही, बोट खडकावर जाईल.

बायबलमध्ये गणना १२:३ ला मोशेबद्दल लिहिलंय की तो पृथ्वीवरच्या सगळ्या माणसांपेक्षा नम्र होता, आणि हाच माणूस इजिप्तच्या राजासमोर, फारोसमोर उभा राहून माझ्या लोकांना जाऊ दे म्हणाला. आणि योहान १३ नीट वाचा. पित्याने सगळं आपल्या हातात दिलंय हे येशूला ठाऊक होतं, असं आधी लिहिलंय, आणि मग तो उठला, कमरेला रुमाल बांधला आणि शिष्यांचे पाय धुतले. आपण कोण आहोत हे त्याला पूर्ण माहीत होतं. तरी तो वाकला.

३. फादरनी मला लेक्टर (मिस्सात बायबल वाचणारा) हो म्हणून सांगितलं. मी म्हटलं माझी लायकी नाही, दुसरा कोणी बघा. हे नम्रपणाचंच झालं ना?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो, लेक्टरच्या जागी कधी क्वायर असतं, कधी धर्मग्रामाची परिषद, कधी आजाऱ्यांच्या घरी जाणं, मालवणच्या एका ताईंनी तर एवढंच लिहिलं होतं, "माका जमाचा नाय, ह्या सांगलंय तर देव रागावतलो काय?"

बायबलमधल्या निर्गमचा तिसरा आणि चौथा अध्याय उघडा. जळणाऱ्या झुडपातून देव मोशेला सांगतो, माझ्या लोकांना इजिप्तच्या गुलामगिरीतून सोडव, आणि मोशे पाच वेळा मोडता घालतो. आधी म्हणतो मी कोण. मग म्हणतो तुझं नाव काय सांगू. मग म्हणतो ते विश्वासच ठेवणार नाहीत. मग म्हणतो मी बोलण्यात जड आहे. या चारही वेळा देव शांतपणे उत्तर देतो, चिन्हं देतो, तोंड कोणी बनवलं असं विचारतो, मी शिकवीन म्हणतो. पाचव्या वेळी मोशेकडे काही कारणच उरत नाही आणि तो म्हणतो, प्रभू, दुसऱ्या कोणालाही पाठव. आणि तिथे लिहिलंय की परमेश्वराचा कोप मोशेवर भडकला.

मला यात दोन गोष्टी फार महत्त्वाच्या वाटतात. एक म्हणजे लायकी नाही म्हटल्यावर देव रागावला नाही. घाबरल्यावरही नाही. प्रश्न विचारल्यावरही नाही. सगळी उत्तरं मिळाल्यावरही जेव्हा तो "मी नाही" म्हणाला तेव्हा रागावला. आणि दुसरी म्हणजे "मी कोण?" या प्रश्नाला देवाने काय उत्तर दिलं ते बघा. तू हुशार आहेस, तू राजवाड्यात वाढलास, तुला जमेल, असं एक अक्षर नाही. "मी तुझ्याबरोबर असेन" एवढंच. मोशे स्वतःकडे बघत होता, देवाने त्याला आपल्याकडे बघायला लावलं.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर, "माझी लायकी नाही" हे पहिलं वाक्य म्हणून एकदम खरं आहे, मिस्सामध्ये ख्रिस्तशरीर (पवित्र केलेली भाकर) घ्यायच्या आधी आपण सगळे रोज तेच म्हणतो की प्रभू मी योग्य नाही, तू फक्त शब्द बोल. पण ते म्हणून झाल्यावर आपण रांगेत पुढे जातो, घरी जात नाही. देव रागावला तरी त्याने मोशेला सोडलं नाही हेही विसरू नका, भाऊ अहरोनला जोडीला दिला. शिक्षेबद्दल प्रश्न ८ बघा.

४. पण येशूनेच सांगितलंय ना शेवटच्या जागेवर जाऊन बसा? मग पुढे कशाला यायचं?

लूक १४ ची गोष्ट. लग्नाला गेलात तर पहिल्या जागेवर बसू नका, शेवटच्या जागेवर बसा. आमच्याकडे लग्नाच्या मांडवात हे अजून दिसतं, मागच्या खुर्च्या भरतात आणि पुढच्या रिकाम्या. पण गोष्ट तिथे संपत नाही. यजमान येतो आणि म्हणतो, मित्रा, वर येऊन बस. आता यजमान हात धरून उठवतोय आणि तुम्ही खुर्चीला चिकटून बसलात तर त्यात मान कोणाचा राहिला? मांडव त्याचा आहे, कोणी कुठे बसायचं ते तो ठरवणार. न बोलावता पुढे जाणं आणि बोलावल्यावर न उठणं या दोन्हीत जागा आपणच ठरवत असतो.

शेवटच्या जेवणाच्या वेळी पेत्राचंही तेच झालं. माझे पाय तुम्ही कधीच धुवायचे नाहीत म्हणाला, किती नम्र वाटतं ना ऐकायला. येशूने काय सांगितलं? मी तुला धुतलं नाही तर तुझा माझ्याबरोबर वाटा नाही.

५. मग माझं "नको" हे खरं नम्रतेचं आहे की भीतीचं, हे ओळखायचं कसं?

याला मीटर नाही, पण काही खुणा आहेत ज्या मी स्वतःवर लावून बघते. तुम्ही म्हटलंत मला जमणार नाही, आणि समोरचा लगेच म्हणाला हो खरंच, तुम्हाला नाही जमणार, तर मनाला लागलं का? लागलं असेल तर ते बोलणं मनापासून नव्हतं, आपल्याला आग्रह हवा होता. कोणी मदत देऊ केली, शिकवायला तयार झालं, तरी "नको" तसंच राहिलं का? तर मग अडचण शिक्षणाची नव्हती. आणि तिसरं म्हणजे डोळ्यासमोर कोण येतं, ज्यांना गरज आहे ती माणसं की मला बघणारी माणसं?

शौल राजाचं बघा. १ शमुवेल १० मध्ये त्याला राजा निवडतात आणि तो सापडतच नाही, सामानसुमानात लपून बसलेला असतो. वाचताना वाटतं किती साधा माणूस. पाच अध्याय पुढे तोच देवाची आज्ञा मोडतो, आणि शमुवेल जाब विचारतो तेव्हा म्हणतो, मी लोकांना भ्यालो. सामानात लपवणारी भीती आणि आज्ञा मोडायला लावणारी भीती एकच होती असं मला वाटतं. तेव्हा लोक बघतील म्हणून लपला, नंतर लोक नाराज होतील म्हणून वाकला. म्हणून "लोक काय म्हणतील" हे कारण मनात आलं की मी सावध होते.

६. मान मिळाला की डोक्यात हवा जाते. गर्व येऊ नये म्हणून लांब राहिलेलं बरं नाही का?

भीती खरी आहे, मी चांगली माणसं माईक हातात आल्यावर बदललेली पाहिलीत. पण औषध लांब राहणं नाही. इ.स. ५९० मध्ये पोप झालेले संत ग्रेगरी स्वतः ते पद नको म्हणत होते, आणि त्यांनीच लिहून ठेवलंय की ज्यांच्याकडे दानं (देवाने दिलेले गुण) आहेत आणि जे फक्त आपली शांतता मोडू नये म्हणून माणसांची सेवा टाळतात, ते ती दानं इतरांपासून काढून घेतात. ते यशया आणि यिर्मया या दोन संदेष्ट्यांची जोडी लावतात. एक म्हणाला मला पाठव, दुसरा म्हणाला मी लहान आहे मला बोलता येत नाही. दोघांचंही ठीक होतं. कारण यशयाने आधी ओठ निखाऱ्याने शुद्ध करून घेतले, आणि यिर्मया शेवटपर्यंत अडून बसला नाही.

गर्व आला तर कुमसार (फादरपुढे पापांची कबुली) आहे, घरची माणसं आहेत जमिनीवर आणायला, आणि ज्यांची सेवा करतो ती माणसं तर सगळ्यात आधी आणतात.

७. योनाने तर नम्रतेचं काही कारणच दिलं नाही, सरळ पळाला. त्याचा इथे काय संबंध?

संबंध हा की नकार कुठल्याही कपड्यात आला तरी त्याचा खर्च कोणाला पडतो ते योनाच्या पुस्तकात स्वच्छ दिसतं. चारच अध्याय आहेत, एका बैठकीत वाचून होतात. देवाने सांगितलं निनवेला जा, म्हणजे जमिनीच्या वाटेने पूर्वेला. हा याफोच्या बंदरावर गेला, भाडं भरलं आणि तार्शीशच्या जहाजात बसला, पार उलट्या दिशेला. वादळ सुटलं. आता किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाने ही गोष्ट वाचली की आधी त्या खलाशांकडे लक्ष जातं. त्यांचा काही गुन्हा नव्हता. ते आपापल्या देवाचा धावा करतायत, जहाज हलकं करायला माल समुद्रात टाकतायत, वल्ही मारून किनारा गाठायला बघतायत, आणि ज्याच्यामुळे सगळं चाललंय तो खाली गाढ झोपलाय. माझे वडील म्हणायचे वादळात माल टाकायला लागतो तेव्हा ते डिझेलचे, बर्फाचे आणि महिनाभराच्या घरखर्चाचे पैसे असतात. योनाच्या नकाराचं बिल त्या बिचाऱ्यांनी भरलं.

माझंच सांगते. मी सव्वीस वर्षांची असताना मला पाड्यावरच्या मुलांचा वर्ग घ्यायला सांगितलं होतं. मी म्हटलं माझं शिक्षण बारावी, मला बायबल कुठे धड येतं, कोणी डी.एड. झालेली बघा. सगळ्यांनी कौतुक केलं की पोरगी किती साधी आहे, आणि मलाही बरं वाटलं, हे मी आज लिहिताना कबूल करते. दुसरं कोणी मिळालं नाही. दोन वर्षं वर्ग झाला नाही आणि त्या मुलांचं फर्स्ट कम्युनियन (पहिल्यांदा ख्रिस्तशरीर घेणं) पुढे गेलं. मला त्या दोन वर्षांत काहीच त्रास झाला नाही, वादळ नाही, योनाला गिळणारा तसला मासा नाही. त्रास त्या मुलांना झाला.

८. आमची आजी म्हणते अमक्याने सेमिनरी सोडली म्हणून त्याचा अपघात झाला. देव असा बदला घेतो?

नाही, आणि कृपा करून असं कोणाच्या घरी जाऊन बोलू नका. येशूने दोनदा हे खोडून काढलंय. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली, ती इतरांपेक्षा जास्त पापी होती असं समजू नका म्हणाला (लूक १३). आणि जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी विचारलं पाप कोणाचं, तर म्हणाला याचंही नाही आणि याच्या आईबापाचंही नाही (योहान ९). शिवाय सेमिनरी म्हणजे पारखून बघायची जागा आहे, तिथून विचार करून बाहेर पडणं म्हणजे हाक नाकारणं नाही, कित्येकदा तीच हाक असते.

मग धोका कुठे आहे? एक तर प्रश्न ७ मध्ये सांगितला तो, दुसऱ्यांचं नुकसान. आणि दुसरा आपल्या आत. आमच्या खाडीच्या तोंडाशी गाळ साचतो, एका दिवसात काही कळत नाही, पण काही वर्षांनी ओहोटीला बोट आत येत नाही, भरतीची वाट बघावी लागते. प्रत्येक "नको" मुळे तसा थोडा गाळ बसतो. पहिल्यांदा नाही म्हणताना रात्रभर झोप येत नाही, पाचव्यांदा वाईटही वाटत नाही. बायबल याला हृदय कठीण होणं म्हणतं. आणि तो श्रीमंत तरुण आठवा, मार्क १० मधला. येशूने त्याच्याकडे बघून त्याच्यावर प्रीती केली असं लिहिलंय, आणि तो खिन्न होऊन निघून गेला. कोणी त्याला शाप दिला नाही. वीज पडली नाही. मालमत्ता सगळी शाबूत होती, आणि तो दुःखी होता.

९. देव एकदाच बोलावतो का? संधी गेली की गेली?

दोन्ही बाजू आहेत. शमुवेलला देवाने चार वेळा हाक मारली. योनाला वचन दुसऱ्यांदा आलं, तिसऱ्या अध्यायाची सुरुवातच ती आहे. पेत्राने येशूला ओळखत नाही असं तीनदा म्हटल्यावर तिबिर्याच्या किनाऱ्यावर येशूने त्याला तीनदा विचारून पुन्हा कामाला लावलं. येशूच्या गोष्टीतला द्राक्षमळ्याचा मालक संध्याकाळी पाच वाजतासुद्धा माणसं घ्यायला नाक्यावर येतो.

पण ठरावीक काम ठरावीक वेळेचं असतं. यहुद्यांच्या कत्तलीचा हुकूम निघतो तेव्हा मर्दखय आपल्या चुलतबहिणीला, एस्तेर राणीला सांगतो, तू आता गप्प राहिलीस तर यहुद्यांची सुटका दुसरीकडून होईल. म्हणजे देवाचं काम थांबत नाही, पण त्यातला तुझा वाटा जातो. आजारी माणसाला भेटायला सांगितलं आणि आपण पुढच्या महिन्यात जाऊ म्हटलं, तो पुढच्या महिन्यात नसेल. देव तुम्हाला पुन्हा बोलावेल. त्या माणसाकडे नाही.

१०. माझा भूतकाळ खराब आहे, दारू, भांडणं, सगळं गाव जाणतं. मी वेदीपाशी कसा उभा राहू?

पेत्र गुडघ्यावर पडून म्हणाला, प्रभू माझ्यापासून दूर जा, मी पापी माणूस आहे. येशू दूर गेला नाही, पापी नाहीस असंही म्हणाला नाही. भिऊ नको, यापुढे तू माणसं धरशील म्हणाला. आधी कुमसाराला जा, फादरशी मोकळं बोला. व्यसन चालू असेल तर आधी उपचार घ्या, आजची हाक तीच समजा.

११. चर्च, सोसायटी, मच्छीमार संस्था, सगळीकडून बोलावतात. प्रत्येकाला हो म्हणणं म्हणजे पाचारण पाळणं का?

नाही, आणि इथे "नाही" म्हणणंच नम्रतेचं असू शकतं, कारण सगळं मीच करणार यात पण मी असतोच. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्याय करायचा तेव्हा त्याचा सासरा इथ्रो म्हणाला, तू पण झिजशील आणि लोक पण, माणसं नेम. प्रेषितांनी जेवण वाटपासाठी लोकांना सात जण निवडायला सांगितले (प्रेषितांची कृत्ये ६). खुद्द येशूला कफर्णहूममध्ये सगळे शोधत होते, आणि तो म्हणाला चला दुसऱ्या गावांना जाऊ, मी त्यासाठी आलोय.

मोशेचं नको आणि हे नको यात फरक काय? इथे तुम्ही आधीच कशाला तरी हो म्हटलेलं आहे आणि ते सांभाळताय. शंका असेल तर प्रश्न ५ मधल्या खुणा लावून बघा.

१२. आणि काम खरोखरच झेपणारं नसेल, पण फादर ऐकतच नसतील तर?

संत बेनेडिक्टने सहाव्या शतकात मठासाठी जे नियम लिहिले त्यातला ६८ वा अध्याय याच विषयावर आहे आणि मला तो फार माणुसकीचा वाटतो. अशक्य काम सांगितलं तर आधी शांतपणे स्वीकार. वजन खरंच ताकदीबाहेर वाटलं तर योग्य वेळ बघून, धीराने, उर्मटपणा न करता कारणं सांग. तरी वरिष्ठ ठाम राहिले तर देवाच्या मदतीवर विसंबून कर. तो नियम मठातल्या बांधवांसाठी आहे, आपण संसारी माणसं आहोत, आपल्यावर तसं आज्ञापालनाचं व्रत नाही. पण मधली पायरी आपल्यालाही लागू होते. मंडळीत हो म्हणायचं, मग बाहेर कुरकुरायचं आणि शेवटी गायब व्हायचं, असं आपल्याकडे फार होतं. त्यापेक्षा तोंडावर कारण सांगावं.

१३. घरी सासूबाई अंथरुणाला खिळून आहेत. मला प्रार्थनागटात बोलावतात, नाही गेले तर देवाला नकार दिला असं होईल का?

बाई, तुमचं पाचारण त्या खाटेपाशीच आहे. देवाला वाहिलंय असं सांगून आईबापाचं करणं टाळणाऱ्यांना येशूने मार्क ७ मध्ये झापलंय. प्रार्थनागटाला सांगा की महिन्यातून एकदा तुमच्याच घरी रोजरी (माळेची प्रार्थना) करायला या. आणि आजाऱ्यांना ख्रिस्तशरीर घरी आणून देतात, फादरना कळवा.

१४. आमचा एकुलता एक मुलगा सेमिनरीत जातो म्हणतो. आणि उलट, आमच्या वहिनीने नवसच केलाय की मुलाला फादर करीन. काय करायचं?

हे दोन वेगळे प्रश्न आहेत पण एकाच घरातून आले म्हणून एकत्र ठेवले. पहिल्याचं, रडू येणार, ते दाबू नका, पण दार लावू नका. संत थॉमस अक्वायनसने संन्यासी होऊ नये म्हणून घरच्यांनी त्याला सुमारे वर्षभर कोंडून ठेवलं होतं, त्याने मन बदललं नाही. मुलाला वेळ द्या, सेमिनरीचा काळ लांब असतो, तिथे त्याचीही परीक्षा होते आणि तुमचीही.

दुसऱ्याचं, नवस आईचा, आयुष्य मुलाचं. शमुवेलच्या आईने, हन्नाने, नवसाप्रमाणे त्याला मंदिरात आणून ठेवलं खरं, पण पुढे देवाने शमुवेललाच नावाने हाक मारली, हन्नाला नाही. चर्चचा कायदाही (कलम १०२६) सांगतो की धर्मगुरूपदाची दीक्षा घेणाऱ्याला पूर्ण मोकळीक पाहिजे, कोणालाही कुठल्याही कारणाने जबरदस्ती करायला सक्त मनाई आहे. अशा मुलाने नाही म्हटलं तर त्याने देवाला नाही म्हटलं असं होत नाही. वहिनींनी फादरना भेटावं, नवस बदलून किंवा सोडवून मिळतो.

१५. बाईमाणसाने पुढे पुढे करू नये, मरिया कशी गप्प होती बघ, असं मला ऐकवतात. खरं का?

येशूची आई मरिया गप्प नव्हती. देवदूताला तिने विचारलं की हे कसं होईल. उत्तर मिळाल्यावर मी प्रभूची दासी म्हणाली, आणि मग लगबगीने डोंगराळ भागात नातेवाईक अलिशिबेकडे गेली, आणि तिथे गर्विष्ठांची दाणादाण आणि दीनांना उंच करण्याचं गाणं गायली. दासी म्हणणं आणि उभं राहून बोलणं दोन्ही एकाच अध्यायात आहे. शास्ते ४ मधली न्याय करणारी दबोरा पण वाचा, तिथे लढाईला जायला पाय मागे घेणारा पुरुष आहे, बाराक. पुनरुत्थानाची बातमी प्रेषितांकडे घेऊन जायला येशूने मरिया मग्दालियाला पाठवलं. आणि लेक्टरची अधिकृत सेवा पोप फ्रान्सिसनी जानेवारी २०२१ मध्ये बायकांसाठीही खुली केलीय, तेव्हा कोणी अडवलं तर हे सांगा.

१६. मला आतून हाक आहे असं वाटतं पण मलाच घेतलं नाही. मग नकार कोणाचा, माझा की त्यांचा?

हा मला आलेल्या प्रश्नांतला सगळ्यात दुखरा आहे. याचं उत्तर आपल्या वसईच्या मातीतच आहे. संत गोन्सालो गार्सिया, सोळाव्या शतकात वसईत जन्मलेले, वडील पोर्तुगीज आणि आई इथलीच. येशूसंघीयांकडे (जेझुइट संघाच्या धर्मगुरूंकडे) शिकले, त्यांच्याबरोबर जपानला गेले, तिथली भाषा अशी शिकले की वर्षानुवर्षं धर्मशिक्षकाचं काम केलं. संघात घ्या म्हणून विनवलं. घेतलं नाही.

त्या जागी मी असते तर कदाचित म्हटलं असतं, झालं, देवालाच नको असेन. त्यांनी व्यापार सुरू केला, तो चांगला चालला. पण आतली हाक गेली नाही. मनिलामध्ये फ्रान्सिस्कन या दुसऱ्या संघाच्या लोकांकडे गेले आणि तिथे ब्रदर म्हणून राहिले, धर्मगुरू झाले नाहीत. पुढे जपानला दूतमंडळ जायचं होतं तेव्हा दुभाषा कोण, तर ज्याला भाषा येते तो हाच. आधीच्या वर्षांत जे शिकले होते ते सगळं उपयोगी आलं. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीला सव्वीस जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी मारलं, त्यात ते होते. १८६२ मध्ये संत म्हणून जाहीर झाले, भारतात जन्मलेले पहिले संत.

म्हणून माझं सांगणं, दार बंद झालं ते माणसाने केलंय की देवाने हे लगेच ठरवू नका. त्यांचा निर्णय मान्य करा, भांडू नका, बदनामी करू नका, आणि जे हातात आहे ते करत राहा. इथे नम्रता म्हणजे दुसऱ्याच्या "नाही" मुळे कडू न होणं, आणि हाकेलाही पाठ न फिरवणं. फार अवघड आहे, मला माहीत आहे.

१७. आम्ही प्रॉटेस्टंट आहोत, आमच्यात संत वगैरे नाहीत. आम्हाला हे लागू होतं का?

वर घेतलेल्या बायबलच्या गोष्टी तुमच्याही बायबलमध्ये आहेत ना, त्यामुळे वरची बहुतेक उत्तरं तशीच चालतील. आणि रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात १८६१ ला जन्मलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक तुमचेच. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा घरदार तुटलं, बायको लक्ष्मीबाई काही वर्षं लांब राहिल्या. आणि नाव झालेलं, वय झालेलं असताना १९१७ मध्ये मिशनची पगाराची नोकरी सोडून साताऱ्याला ख्रिस्ताच्या अनुयायांचा "देवाचा दरबार" सुरू केला. पन्नाशी उलटल्यावर दुसऱ्यांदा हाक ऐकायची तयारी, यावर मी आमच्या गटातल्या निवृत्त लोकांशी खूपदा बोलते.

१८. मी वीस वर्षांपूर्वी नाही म्हटलं. आता काय करू? कुमसारात सांगायचं का?

मत्तय २१ मध्ये दोन मुलगे आहेत. बाप म्हणाला मळ्यात जा. एक म्हणाला जात नाही, आणि नंतर पस्तावून गेला. दुसरा म्हणाला जातो, आणि गेलाच नाही. बापाच्या मनासारखं कोणी केलं असं येशूने विचारलं, आणि उत्तर पहिला असं आलं. तुम्ही अजून पहिला मुलगा होऊ शकता.

कुमसाराबद्दल, भीतीने किंवा आळसाने जाणूनबुजून टाळलं असेल तर सांगा, मन हलकं होतं. नुसती ओळखायला चूक झाली असेल तर ते पाप नाही, पण फादरशी बोला. आणि वीस वर्षांपूर्वीचं तेच काम आता नसेल, ती मुलं मोठी झाली, ते फादर बदली होऊन गेले. म्हणून तेव्हाचं शोधत बसू नका, आज तुमच्या धर्मग्रामात कोणतं काम माणसाविना पडलंय ते विचारा. आमच्याकडे विचाराल तर शनिवारी संध्याकाळी कोळीवाड्यातल्या तीन म्हाताऱ्यांना मिस्साला रिक्षाने आणायला आणि परत सोडायला कोणी नाहीये, पाच वाजता निघावं लागतं.